दार नसलेलं मैदान बघून आलो

माझी शाळा दुसरीपर्यंत. लिहिण्यात चुका असतील, त्या स्मरणिका छापणाऱ्या मंडळींनी दुरुस्त कराव्यात. फक्त मी जिथे ‘भीती वाटली’ असं लिहिलंय तिथे हात लावू नये. चाळीत सगळे मला तात्या म्हणतात आणि तात्या कुणाच्या बापाला भीत नाही असं धरून चालतात. ते मीच पसरवलं होतं. ह्या तीन दिवसांत मी जेवढा भ्यालो तेवढा गिरणी बंद झाली तेव्हाही भ्यालो नव्हतो.

लालबागहून दादर, मग गिरगाव, मग फोर्ट. मुंबईतल्या मुंबईत हा कसला प्रवास, असं तुम्ही म्हणाल. पण गुडघा गेल्यापासून मी परळच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. आपल्याकडे असे बरेच आहेत, ज्यांची मुंबई दूधवाल्यापाशी सुरू होते आणि डॉक्टरपाशी संपते. त्यांच्यासाठी हे लिहितो.

झालं असं. गणपती गेल्यानंतर आपल्या मैदानाच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसला. कचेरीची मराठी मला उमगत नाही, आणि उमगत नाही हे कुणाला सांगणं जमत नाही. मी चष्मा पुसत उभा राहिलो. तेवढ्यात समोरच्या चाळीतल्या कमलबाई आल्या. परळच्या एका इस्पितळात आयुष्यभर आयाचं काम केलेली बाई. वय अडुसष्ट, सातवी पास, जीभ कात्रीसारखी. त्यांनी मला न विचारता मोठ्याने वाचून दाखवलं. मैदानाच्या देखभालीसाठी पैशाची तरतूद नाही, म्हणून ते ‘शहरातील अन्य मैदानांच्या धर्तीवर’ एका खाजगी संस्थेला सांभाळायला द्यायचं आहे. कुणाची हरकत असेल तर लेखी द्यावी आणि सुनावणीला यावं.

“म्हणजे गेलं,” कमलबाई म्हणाल्या.

मी भ्यालो. चाळीस वर्षं मी त्या मातीत पोरांना कबड्डी शिकवली. पण तोंडाने मी म्हणालो की ही अन्य मैदानं कसली आहेत ती डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सुनावणीला उभा राहणार नाही. घरात ही म्हणाली, गुडघ्याचं काय? म्हटलं, गुडघ्याला हरकत असेल तर त्याने लेखी द्यावी.

सोबत कमलबाई निघाल्या. त्यांना साखर आहे, डॉक्टरने रोज चालायला सांगितलंय. इतकी वर्षं त्या इस्पितळाच्या रस्त्यावर उभ्या गाड्यांच्या मधून चालतात. “मैदान उघडं राहिलं तर मी पण चालेन म्हणते,” असं त्या म्हणाल्या, आणि मी दुसरीकडे बघितलं.

का बघितलं ते आधीच सांगतो, नाहीतर माझी भीती तुम्हाला कळायची नाही. आपल्या मैदानाचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. दसऱ्यानंतरच्या रविवारी माती खणायची, घराघरातनं चाळणी आणायच्या, बायका-पुरुषांनी मिळून सगळी माती चाळायची, खडा म्हणून ठेवायचा नाही. ज्याने माती चाळली त्याचं मैदान. फाटकाला गिरणीच्या साचेखात्यातलं पितळी कुलूप, किल्ली माझ्या करगोट्याला. नियम सरळ होता. फक्त समोरच्या चाळीला आपण माती चाळायला कधी बोलावलं नाही. कधीच नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका दुपारी कमलबाईंचा प्रकाश तीन-चार मित्रांना घेऊन फाटकावर आला होता. मी आतून विचारलं, माती चाळायला तुमच्यातलं कोण आलं होतं? तो म्हणाला, बोलावलं कुणी? मी कुलूप लावलं. रस्त्यापलीकडे कमलबाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते बघितलं की नाही, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. आता त्याच बाईबरोबर तीन दिवस काढायचे होते.

दादर

शिवाजी पार्कला सकाळी पोचलो. तिथे माझी पहिली फजिती झाली. मी दार शोधत होतो. एवढं मोठं मैदान, त्याला फाटक असणार, फाटकावर माणूस असणार, त्याला सांगून आत जाऊ. कठड्याच्या कडेने चालत मी अर्धी फेरी मारली. कठडा मध्ये मध्ये तुटायचा, त्यातून लोक आत-बाहेर करत होते, पण ते मला दार वाटलं नाही. शेवटी कमलबाई कठड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “तात्या, दमलात की सांगा. ह्याला दार नाय.”

आपल्या रिवाजाप्रमाणे मी कडेला चपला काढल्या, माती कपाळाला लावली आणि आत गेलो. तिथे कुणी चपला काढत नाही. बूट घालून धावतात, काठी टेकत चालतात, एक म्हातारं जोडपं तर मधोमध सतरंजी टाकून पोहे खात होतं. एका कोपऱ्यात मल्लखांब चालला होता. नऊ-दहा वर्षांच्या मुली खांबावर उलट्या लोंबकळत होत्या आणि त्यांचे शिक्षक खाली उभे राहून वर्तमानपत्र वाचल्यासारखे शांत होते. ते बघून मला बरं वाटलं आणि लगेच भीती वाटली. इथे कोण कुणाला अडवणार? दारुडा आला तर? कुणी काच फोडून टाकली तर? कठड्यावर बसलेल्या एका बाईंना मी विचारलं, हे मैदान कुणाचं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी समुद्र कुणाचा असं विचारलंय.

“कुणाचं म्हणजे? आपलंच की,” त्या म्हणाल्या आणि कुत्र्याला हाक मारायला लागल्या.

ते कुत्रं माझी एक चप्पल घेऊन गेलं होतं. बाईंनी पुष्कळ माफी मागितली, चप्पल काही मिळाली नाही. कमलबाईंना हसू आवरेना. देवळाबाहेरून चप्पल गेलेली ऐकली होती, मैदानाबाहेरून गेलेली पहिल्यांदा बघितली, म्हणाल्या. मग त्यांनीच फुटपाथवरून रबरी सपाता घेऊन दिल्या. निळ्या होत्या. पुढचे दोन दिवस मी त्यांतच फिरलो.

दुपारी एका जुन्या हॉटेलात मिसळ खाल्ली. आपल्याकडच्यापेक्षा गोडसर लागली. वर पियूष घेतलं, ते मात्र झकास. खाता खाता कमलबाई वहीत लिहून घेत होत्या. तिथे दिवे आहेत, पाण्याचा नळ आहे, बायका अंधार पडला तरी चालतात. “हे सगळं सरकारी पैशातनं होतं, तात्या. दादरला होतं तर आपल्याकडे का नाय? आपण मागितलंच नाय कधी. तुम्ही कुलूप लावून बसलात आणि आम्ही बाहेर बसलो.”

हे त्या सहज म्हणाल्या की मुद्दाम, मला कळलं नाही. पियूषचा पेला मी बाजूला सारला.

गिरगाव

दुसऱ्या दिवशी गिरगावात गेलो. त्या मैदानाचं नाव घेत नाही. कागदावरची ‘धर्ती’ म्हणतात ती हीच, असं आम्हाला कळलं होतं. गल्लीतून वळलो आणि एकदम हिरवंगार दिसलं. भोवती उंच जाळी. आत माती नव्हती, प्लॅस्टिकचं गवत होतं, लग्नातल्या सतरंजीसारखं. वर नळ्यांचे दिवे. दोन पोरं टेनिसचा ड्रेस घालून बाटलीतलं पाणी पीत होती, बाकी सगळं रिकामं.

फाटक होतं. मला हायसं वाटलं, फाटक म्हणजे आपली ओळखीची गोष्ट. मी सपाता काढल्या आणि आत पाय टाकला.

“काका, मेंबर आहात?”

वॉचमन आमच्याच बाजूचा निघाला, राजापूरचा. गावाचं नाव, देवाचं नाव, सगळं झालं. मी सांगितलं, बाबा, आम्ही लांबून आलोय, नुसतं बघायचंय, माती कशी आहे, निचरा कसा होतो. तो खरंच ओशाळला. पण मी पुढे सरकलो तसा त्यानेच हात आडवा केला.

“माझ्या हातात काय नाय ओ काका. चावी माझ्याकडं आहे, हुकूम नाय.”

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मैदानाबाहेर काढलं. सपाता घालताना माझा तोल गेला, कमलबाईंनी दंडाला धरलं. मी जाळीला हात लावून उभा राहिलो. मागे गल्लीत तिथल्याच चाळींतली पोरं मोटारसायकलींच्या मधल्या जागेत खेळत होती. चेंडू गाडीखाली गेला की एकजण आडवा पडून काढायचा. जाळीकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. बघायचं नाही हे त्यांना शिकवावं लागलं नसणार. त्या एका दुपारनंतर प्रकाशनेही आपल्या मैदानाकडे कधी मान वळवलेली मी बघितली नव्हती.

आणि तिथेच मला कमलबाईंच्या पिशवीतली हरकतीची फाइल आठवली. 

हरकतीच्या अर्जाला पुरावे जोडायचे म्हणून मी मोठ्या अभिमानाने एक फोटो दिला होता. आपलं फाटक, त्यावर ताजा रंग, झेंडूचं तोरण आणि वर मी स्वतः उभं राहून रंगवून घेतलेली पाटी: ‘मंडळाचे क्रीडांगण. सभासदांखेरीज प्रवेश नाही.’ मंडळाने चाळीस वर्षं जागा कशी राखली ते साहेबांना दिसावं, म्हणून दिला. राजापूरच्या वॉचमनमध्ये आणि माझ्यात काय फरक? होता तो एवढाच, की त्याच्याकडे हुकूम नव्हता. माझ्याकडे किल्लीही होती आणि हुकूमही माझाच.

हा फोटो साहेबांनी बघितला तर मैदान सार्वजनिक आहे हे कोण मानणार? एकाचं कुलूप काढून दुसऱ्याचं लावलं, एवढंच म्हणतील.

जेवायला एका खानावळीत गेलो. वालाचं बिरडं आणि सोलकढी. चव सांगता येत नाही, कारण मला लागलीच नाही. कमलबाई हात धुवायला उठल्या तशी मी फाइल उघडली, फोटो काढला आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला. एवढ्या आयुष्यात चोरी केली ती ही एक, आणि तीही माझ्याच फोटोची. त्या परत आल्या आणि फाइल पिशवीत भरली. येताना बसमध्ये तो फोटो छातीला टोचत होता.

फोर्ट

सुनावणी दुसऱ्या मजल्यावर होती. लिफ्टमध्ये माणूस नसतो आता, आपणच बटण दाबायचं. मी जिन्याने गेलो. गुडघ्याने शिव्या घातल्या, पण वर पोचेपर्यंत भ्यायला जरा वेळ मिळाला. बाहेरच्या बाकावर कमलबाईंनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी आणि सुकटीची चटणी. अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, उपाशी माणूस साहेबापुढे लवकर ‘हो’ म्हणतो.

मला वाटलं होतं पिकल्या मिशांचा साहेब असेल. टेबलापलीकडे तिशीतली मुलगी होती, सगळे तिला मॅडम म्हणत होते. बाजूला त्या संस्थेचे गृहस्थ, टाय लावलेले, बोलायला अगदी मऊ. त्यांनी भिंतीवर चित्रं दाखवली. आपलंच मैदान, पण हिरवं.

कमलबाई उभ्या राहिल्या. वही उघडली नाही. त्या म्हणाल्या की आम्हाला गवत नको. चार दिवे द्या, एक नळ द्या, बायकांसाठी संडास द्या, एक झाडणारा माणूस द्या, आणि ह्याची तरतूद दरवर्षी कागदावर घाला. मैदानाला पैसा नाही म्हणून मैदान देऊन टाकायचं, तर उद्या फुटपाथला पैसा नसला तर आम्ही भिंतीवरनं चालायचं का? मॅडम हसल्या नाहीत, पण लिहून घेत होत्या. मला वाटलं, जमलं.

तेव्हा टायवाले गृहस्थ हळूच म्हणाले, “मॅडम, ते मैदान आत्ताही कुलूपबंदच असतं. ठरावीक लोकच वापरतात. आम्ही निदान नावनोंदणी तरी सगळ्यांना देऊ.”

मॅडमनी कमलबाईंकडे बघितलं. “तुम्ही समोरच राहता ना? तुमच्याकडच्या मुलांना तिथे खेळता येतं?”

खोलीत पंखा फिरत होता, तो मला ऐकू येईना.  बाईच्या एका शब्दावर चाळीस वर्षं होती. ती काय वाट्टेल ते बोलू शकत होती आणि त्यातलं एक अक्षरही खोटं ठरलं नसतं.

“येतं की,” कमलबाई म्हणाल्या. “आमची पोरं तिथंच खेळून मोठी झाली.”

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी त्यांच्या हाताकडे बघितलं, तो पिशवीचे बंद घट्ट आवळत होता. माझ्यासाठी ही बाई खोटं बोलतेय आणि मी निळ्या सपाता घालून गप्प बसलोय, हे मला सहन होईना. मी हट्टी माणूस आहे, अडाणी आहे. पण आपली लाज दुसऱ्याच्या पदराआड झाकणं मला कधी जमलं नाही. मी उठलो. टेबल धरलं.

“नाही मॅडम. ह्यांच्या मुलाला मीच बाहेर ठेवलं होतं. किल्ली माझ्याकडे असते.” आणि खिशातला फोटो टेबलावर ठेवला.

टायवाले गृहस्थ खूश झाले, त्यांना ते लपवता आलं नाही. मॅडमनी पाटी वाचली, मग माझ्याकडे बघितलं, मग फोटो फाइलला लावला. म्हणाल्या, मैदान कुणाला द्यायचं ते नंतर. आधी पाहणी होईल, दसऱ्यानंतर कधीही, न कळवता. त्या दिवशी फाटक मला कसं दिसतं त्यावर मी माझा शेरा लिहीन. देखभालीच्या तरतुदीचं तुमचं म्हणणं मी वर पाठवते. एवढंच.

खाली रस्त्यावर आल्यावर कमलबाईंनी वही पिशवीत कोंबली. मग एकदम म्हणाल्या, “कशाला तोंड उघडलंत? मी सांभाळलं होतं ना?”

मी म्हणालो, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलत होतात.

“तुमच्यासाठी? तुमच्यासाठी मी वाटेतला दगडसुद्धा बाजूला केला नसता, तात्या. मैदानासाठी बोलले. त्या दिवशी प्रकाश घरी येऊन जेवला नव्हता.”

म्हणजे त्यांनी बघितलं होतं.  

परत लालबाग

आल्यावर मी मंडळाची बैठक घेतली नाही, घेतली असती तर अजून चालू असती. दोन पोरांना हाताशी घेऊन फाटकाची दोन्ही दारं बिजागरीतून उचलली. ती आमच्या गॅलरीत ठेवलीत, त्यावर ही मिरच्या वाळवते. पाटीही तिथेच आहे, उलटी करून. कुलूप भिंतीतल्या कपाटात, किल्ली मात्र करगोट्याला राहिली. काढायला हात जातो आणि मागे येतो.

चाळीत काही जण माझ्याशी बोलत नाहीत. तात्याने मैदान घालवलं म्हणतात. त्यांना मी काय सांगणार, मला स्वतःलाच ते खोटं ठरवता येत नाही. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी आत बाटली फोडली. मी सकाळी चष्मा लावून काचा वेचल्या. पाहणीला अजून कुणी आलं नाही. टेम्पो थांबला, गाडीचं दार वाजलं, की मी गॅलरीत येऊन बघतो. मॅडम आल्या आणि नेमक्या त्याच दिवशी काच पडलेली असली तर? तरतूद वर गेली आणि तिकडेच राहिली तर? आता माझ्याकडे कुलूप नाही, नुसती भीती आहे, आणि तिला फाटक नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी माती चाळायची होती. आदल्या दिवशी मी रस्ता ओलांडून समोरच्या चाळीत गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जिना चढताना फोर्टपेक्षा जास्त घाबरलो होतो. कमलबाई दारातच होत्या. मी म्हटलं, उद्या माती चाळायची आहे, सगळ्यांना सांगा, बोलावतोय. त्या ‘बरं’ म्हणाल्या. बसा म्हणाल्या नाहीत.

सकाळी ऊन चढेपर्यंत त्या बाजूने कुणी आलं नाही. आपली माणसं ढिगाभोवती बसून माझ्याकडे बघत होती. मग कमलबाई आल्या, मागे सात-आठ बायका, दोन म्हातारे. जिथे फाटक होतं तिथे त्या थांबल्या, चपला काढल्या आणि आत आल्या. प्रत्येकीच्या हातात चाळण होती. आपल्याकडे बायकांनी जास्तीच्या चाळणी काढून ठेवल्या होत्या, मी म्हटलं, ह्या घ्यायच्या ना, घरच्या कशाला आणल्यात?

कमलबाई ढिगापाशी बसल्या, पदर खोचला. “तुमची घेतली असती, तर उद्या म्हणाला असतात चाळण आमची.”

मी घमेलं उचललं आणि त्यांच्या चाळणीत माती ओतली.